वास हवा तो कुणाचा?

नांदगिरी गावची रीत मोठी गमतीची होती. बारशाआधी खोलीला रंग द्यायचा आणि दारं-खिडक्या घट्ट लावून घ्यायच्या. रंगाचा वास पाहुणे येईपर्यंत टिकला पाहिजे ना! वास नाही तो कसला नवा रंग, असं तिथली शहाणीसुरती माणसंही म्हणायची.

त्या गावातल्या गोदाबाईने थोरल्या नातवाच्या बारशाला हेच केलं. पाळण्यातलं पोर घुसमटून रडायला लागलं. ‘नजर लागली,’ असं म्हणून बायकांनी मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. झालं, आगीतून फुफाट्यात! डॉक्टरांनी आल्या आल्या पोराला अंगणात नेलं, तेव्हा कुठे त्याला श्वास मिळाला. “रंगाच्या वाफा त्याच्या छातीत गेल्यात,” ते म्हणाले. गोदाबाई ढसाढसा रडली आणि तिने मनाशी खूणगाठ बांधली.

पुढे नात झाली. नवरा दत्तोबा म्हणाला, “मागचाच चकचकीत रंग आणू. लोक नावं ठेवतील.”

“नावं आपल्याला ठेवतील, श्वास तिला घ्यायचाय,” गोदाबाई म्हणाली आणि स्वतः दुकानात गेली.

दुकानदाराने गुलाबाच्या वासाचा रंग पुढे केला. “दर्प अजिबात जाणवणार नाही, मावशी.”

“कारल्याला साखर लावली म्हणून त्याचा पेढा होतो का? कमीत कमी वाफा सोडणारा रंग दाखवा. डब्यावर तसं लिहिलेलं मी वाचून घेईन.”

तिने तसाच रंग आणला, बारशाच्या कितीतरी आधी लावून घेतला आणि खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. येणारे-जाणारे हसले. एकदा तर दत्तोबाने गुपचूप खिडकी लावली. तिने त्याच्यादेखत ती पुन्हा उघडली.

बारशाला नणंद भामाबाई आली. तिने नाक वर करून हुंगलं. “वहिनी, रंग दिलाच नाहीस वाटतं? वासच नाही.”

“दिलाय, वन्सं, पण कमी वाफा सोडणारा. या घरात लक्ष्मीचा वास हवा, रंगाचा नको.”

पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटल्या, तरी नात शांत झोपलेली होती. भामाबाई पाळण्यावर वाकली आणि तिने पोरीचा संथ श्वास पाहिला. मग हळूच म्हणाली, “माझ्या सुनेला सातवा लागलाय. त्या रंगाचा डबा कुठे मिळतो, तेवढं सांग.”

तात्पर्य: भिंत पाहुणे घटकाभर पाहतात, घरातली हवा मात्र घरच्यांना रोज घ्यावी लागते, म्हणून रंग निवडताना लोकांच्या बोलण्याआधी आपल्या माणसांच्या श्वासाचा विचार करावा.