अर्ध्या दाण्याचा शिरस्ता

फार पूर्वी भाताच्या एका कोठारात एक म्हातारा उंदीर राहत होता. त्याच्या बरोबरीचे सगळे कधीच गेले होते. आपण अर्धपोटी राहिलो म्हणून टिकलो, असा त्याला अभिमान होता. घरात शिरस्ता एकच, पुढ्यातला दाणा अर्धा खायचा आणि अर्धा ठेवायचा.

वरी आणि राळी या त्याच्या एकाच वेतातल्या नाती. वाट्याला अर्धाच दाणा, तरी वरी तरतरीत झाली. राळीचे मात्र केस गळू लागले, तिला भिंत चढवेना.

"चोरून खातेस, म्हणून ही दशा," म्हातारा गुरकावला.

राळीने मानेनेच 'नाही' म्हटलं.

वरी पुढे झाली. "आजोबा, चोरून खाते ती मी! ही तुमचा शब्द पाळतेय. हिवाळा नाही काढायची ती."

म्हाताऱ्याने राळीला जवळ ओढलं. तिच्या फासळ्या त्याच्या पंजाला लागल्या. त्याने आपला ठेवणीतला अर्धा दाणा तिच्यापुढे ठेवला.

"खा."

"आणि शिरस्ता?"

"तो माझ्या पोटाचा होता. तुझं पोट वेगळं आहे, पोरी."

ती लाजेल म्हणून, तिचं खाऊन होईपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून बसला.