कापलेल्या कोपऱ्यांचं कातडं

विहिरींवर चामड्याच्या मोटा चालत होत्या, तेव्हाची गोष्ट. कातडी कमावणाऱ्या रायाप्पाच्या हौदात म्हशीचं एक कातडं बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरत होतं. आपली मोट व्हावी, एवढंच त्या कातड्याच्या मनात. जरा रंग चढला की ते ओरडे, "रायाप्पा, मी तयार आहे!" रायाप्पा कोपरा कापून बघे. कापात मधोमध पांढरी रेघ दिसे. "अजून आत कच्चं आहेस, बाळा," म्हणून तो पुन्हा बुडवे. चारही कोपरे गेले, तेव्हा कुठे काप आरपार तपकिरी निघाला.

बाजारात त्याच्या शेजारी तेल चोपडलेलं, अखंड कोपऱ्यांचं एक कातडं होतं. ते खिदळलं, "काय रे, उंदरांची पंगत बसली होती वाटतं तुझ्यावर?" आपलं कातडं लाजून कोपरे आत दुमडू लागलं.

तेवढ्यात केळीच्या बागेचा मालक शिदगोंडा मोटेसाठी कातडं घ्यायला आला. खरं गिऱ्हाईक कसं ओळखावं, सांगू? ते चकाकी बघत नाही, काठ बघतं. शिदगोंडा त्या तेलकट कातड्याला म्हणाला, "तुझा कोपरा कापून बघू?"

"नको हो, शोभा जाईल!"

"आणि तू पाण्यात कुजलंस तर माझी बाग जाईल, त्याचं काय?"

मग त्याने दुमडलेले कोपरे उलगडले, काप निरखले आणि ते कातडं खांद्यावर टाकलं.

त्या कातड्याच्या मोटेने ती बाग जगवली. विहिरीवर कुणी नवखा आला, की भरून वर येता येता मोट स्वतःच म्हणे, "पाणी नंतर प्या हो, आधी माझे कोपरे बघा!"