टिटवीचं निशाण

एका राज्यात नऊ पलटणी होत्या आणि नऊ निशाणं होती. कुणाचा हत्ती, कुणाचा गरुड, कुणाची मगर. नवव्या पलटणीच्या निशाणावर मात्र होती टिटवी, तीही उताणी पडलेली, पाय आभाळाकडे. हसू नका. टिटवी निजतेच पाय वर करून. आभाळ कोसळलं तर कुणीतरी पेलायला हवं ना.

एके दिवशी करालनाथ नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्यानं राजा चंद्रकेतूला पटवलं, की नऊ निशाणं म्हणजे नऊ मनं. सगळ्यांनी पागोट्यावर एकच सोन्याचा सिंह लावावा. आधी राजानं लावला, मग आठ पलटणींनी. ज्यानं लावला तो स्वतःचं नाव विसरला आणि करालनाथ बोट दाखवील तिकडे गुरगुरत धावू लागला. जुनी आठ निशाणं मांत्रिकानं समुद्रात बुडवली.

नवव्या पलटणीचा नाईक होता खेमाजी. त्याचा थोरला भाऊ मानाजी हत्तीच्या पलटणीत होता. खेमाजी त्याला भेटायला गेला, तर भावानं ओळखच दिली नाही. खेमाजी तसाच दरबारात जाऊन ताठ उभा राहिला.

"महाराज, आम्ही सिंह लावणार नाही."

"मेलेल्या पाखराचा एवढा अभिमान?" करालनाथानं विचारलं.

"मेलेलं नाही. कामावर आहे."

तेव्हा मांत्रिकानं राजाच्या तोंडून तीन कसोट्या घातल्या. एक जरी चुकली, तर नवव्या पलटणीनं मुकाट्यानं सिंह लावायचा.

पहिली अशी, की उघड्या माळावरचं टिटवीचं एक अंडं आठ पलटणींपासून दिवसभर राखायचं. ना भिंत, ना खंदक. खेमाजीनं जोडे फेकले आणि तो लंगडू लागला. पंख मोडल्याचं सोंग करून टिटवी कोल्ह्याला लांब नेते, तशी त्यानं सारी फौज काट्याकुट्यांतून फिरवली. सर्वांच्या पुढे भाला घेऊन मानाजीच होता. अंड्याला शिवला तो फक्त वारा.

दुसरी कसोटी बुडालेली निशाणं वर आणण्याची. पलटण ओंजळींनी समुद्र उपसू लागली. मांत्रिक पोट धरधरून हसला. मग त्या अंड्याची आई उडत आली आणि म्हणाली, "माझं अंडं राखलंत. आता सरका थोडे." तिच्यामागून लाखो टिटव्या आल्या. तिसऱ्या प्रहरी समुद्र आटला आणि आठही निशाणं वाळूवर ओली पडलेली दिसली.

करालनाथ असा चिडला, की तिसरी कसोटी त्यानं सांगितलीच नाही. मंत्र म्हणून आभाळच सोडलं. ते देवळाच्या कळसापर्यंत आलं, मग निशाणाच्या काठीपर्यंत. किनाऱ्यावर जमलेला राजा आणि त्याची फौज जागच्या जागी थिजली. खेमाजीची पलटण मात्र वाळूवर उताणी झाली आणि तिनं पाय वर केले. आभाळ त्यांच्या तळव्यांवर टेकलं. चाळीस जणांच्या मांड्या थरथरू लागल्या.

"पाय अपुरे पडतायत," खेमाजी म्हणाला. "महाराज, आडवे व्हा."

राजे कुणाच्या सांगण्यावरून आडवे होत नाहीत. पण आभाळ तुऱ्याला लागल्यावर हा झाला, आणि त्याच्यामागून आठही पलटणी झाल्या. उताणं झाल्यावर पागोटं डोक्यावर राहतं का कधी? पागोटी गडगडली, सिंह वाळूत गेले आणि हजारो माणसांना आपापली नावं आठवली. हजारो पायांनी आभाळ वर ढकललं. उभा होता तो एकटा करालनाथ. तो आभाळाला चिकटून वर गेला, तो अजून उतरलेला नाही.

राजानं तिथेच, बोडक्या डोक्यानं, ज्याचं निशाण त्याला परत दिलं. टिटवी सोन्यानं मढवतो म्हणाला. खेमाजीनं पडल्या पडल्याच नको म्हटलं. सोन्यानं पाय जड होतात, चिंधीचीच बरी.

तेवढ्यात कुणीतरी त्याचा तळवा हातात धरला.

"खेमा," मानाजी म्हणाला, "केवढा काटा रुतलाय रे तुला. हलू नकोस."

काटा निघाला. आभाळ अजून जागेवर आहे.