राणीने ओळखलेला मासा

एका राज्यात नदी आधी आली आणि राजा मागाहून. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते, ठाऊक नव्हते ते फक्त राजाला. राजाचे नाव रत्नशेखर. मनाचा उमदा, रूपाने देखणा, पण ताट समोर आले की त्याला जगाचा विसर पडे. ताटात रोज मासा हवा. कोणता, असे वाढप्याने विचारले तर म्हणे, "मासा तो मासा. त्यात ओळखायचे काय?"

त्या नदीत वर्षातून एकदा समुद्रातून पाला नावाचा मासा चढून येई, गोड्या पाण्यात अंडी घालायला. ते पंधरा दिवस भोई लोक जाळी गुंडाळून ठेवत आणि काठावर हळदकुंकू वाहत. अशात राजाला गाभोळीची, म्हणजे माशाच्या अंड्यांची, हुक्की आली. एकही भोई जाळे टाकायला तयार होईना. तेव्हा राजाने धोतर खोचले आणि स्वतःच टाकले.

जाळ्यात पाला आला, आणि त्यामागोमाग डोहातून मकरजोगीण वर आली. ती त्या नदीची चेटकीण. तिचे केस शेवाळाचे होते आणि ती पाण्यावर मांडी घालून बसत असे.

"राजा," ती म्हणाली, "ज्याला ओळखत नाहीस त्याला खातोस. आता तूच मासा हो."

राजा मासा झाला, जाळ्यातून निसटला आणि डोहातल्या पाल्यांत मिसळून गेला.

राणी कुमुदिनी अनवाणी धावत घाटावर आली. तिच्या माहेरी मासा शिवतसुद्धा नसत. माशाच्या वासाने तिला भोवळ येई. तरी तिने पाण्यापुढे हात जोडले. "माते, उःशाप दे."

"तीन दिवस, तीन परीक्षा," जोगीण म्हणाली. "जिने जन्मात माशाला हात लावला नाही, तिनेच द्यायच्या. चुकलीस तर तूही मासा होशील. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला की पाले समुद्राकडे परततील आणि तुझा नवरा त्यांच्यासोबत जाईल. साक्षीला माझा खंड्या राहील."

खंड्या पक्षी फांदीवरून म्हणाला, "मी सगळे पाहतो. मला झोप कमी आहे."

राणीने भिवराबाईला बोलावणे धाडले. भिवराबाई भोईवाड्यातली सर्वांत जुनी भोईण. जिभेने तिखट, पण नदीतला असा मासा नव्हता जो तिने हाती धरला नव्हता.

"भिवराबाई, मला मासे शिकवाल?"

"शिकवीन की. पर राणीसरकार, नाकावरचा पदर आधी काढा. मासा नाकानं न्हाई, डोळ्यानं आन् बोटानं वळखायचा असतो."

पहिल्या दिवशी जोगिणीने एक रांजण पुढे ठेवला. आत लांबलचक, बुळबुळीत, काळपट असे काहीतरी वळवळत होते. "यात सहा साप आहेत आणि एक वाम. वाम काढ."

राणीच्या अंगावर काटा आला. भिवराबाई म्हणाली, "डोक्यामागं बघा. वाम मासा हाय, त्येला कल्ला असतोय आन् कल्ल्यापाशी इवलासा पर. सापाला कुठला आलाय पर?" राणीने डोळे ताणून पाहिले. सहा माना गुळगुळीत निघाल्या, सातवीपाशी बोटाच्या पेराएवढा पर हलत होता. राणीने किंचाळतच वाम बाहेर काढली. खंड्या म्हणाला, "किंचाळायला मनाई नव्हती."

रात्रभर भिवराबाईने राणीला माशांच्या खुणा शिकवल्या, आणि दुसऱ्या दिवशी जोगिणीने राणीचे डोळे बांधून घंगाळातले तीन मासे हाताने ओळखायला सांगितले. भिवराबाईने तोंड उघडायचे नाही, असे ठरले; तिच्यासाठी हीच खरी परीक्षा होती. राणीने घंगाळात हात घातला. पहिल्या माशाला खवले नव्हते, तोंडाला लांब मिशा होत्या आणि पाठीवर काटा. "शिंगाळा," राणी म्हणाली, आणि काटा चुकवून बोटे मागे घेतली. दुसऱ्याचे डोके सापासारखे चपटे, पाठीवरचा पर थेट शेपटीपर्यंत गेलेला. "मरळ." तिसऱ्याचे खवले तळहाताएवढे, ओठ जाडजूड. "हा खडस." भिवराबाईला इतका आनंद झाला की तिने राणीच्या गालावरून हात फिरवून बोटे कडाकडा मोडली. मग आपण कुणाची दृष्ट काढली ते ध्यानात येऊन ती चपापली. राणी मात्र खळखळून हसली.

तिसरा दिवस उजाडला. डोहात शंभर पाले फिरत होते. "यातला तुझा नवरा कोणता?" जोगिणीने विचारले. "एकही पाण्याबाहेर काढायचा नाही."

"काढूच नगा," भिवराबाई म्हणाली. "पाला हवेत आला की जीव सोडतोय. म्होरलं मलाबी ठावं न्हाई, राणीसरकार. राजा मी कधी पकडला न्हाई."

राणी कमरेइतक्या पाण्यात उतरली. पाले तिच्याभोवती फिरू लागले. सगळ्यांचे अंग रुपेरी, सगळ्यांच्या कल्ल्यामागे एक काळसर ठिपका. तिने पोटाखालून हात फिरवला; प्रत्येक पोटाची कड करवतीसारखी दातेरी. तिचे तळहात खरचटले. सूर्य कलला, माडांच्या शेंड्यांना टेकला. राणीला रडू कोसळले, आणि हात खाली पडले ते नेमके एका शेपटीवर.

शेपटीची कड विरलेली होती. तिने दुसरी चाचपली, तीही झिजलेली. तिसरीचे तर एक टोकच नव्हते. समुद्रापासून इथवर किती खडक, किती धबधबे! पोटात अंडी घेऊन हे जीव ते सारे चढून आले होते. राणीला त्या शेपट्यांची इतकी माया वाटली की क्षणभर ती राजालाही विसरली. एकेक शेपटी ती हळुवार हाताने चाचपत गेली. आणि मग एक शेपटी आली अखंड, दोन्ही टोके शाबूत, कुठे ओरखडासुद्धा नाही.

"हा कुठूनही चढून आलेला नाही," राणी म्हणाली. "हा माझा नवरा."

पाणी उसळले. तिच्या हातात माशाऐवजी राजाचा हात होता. राजा नखशिखांत भिजलेला, दाढीत शेवाळ. घाटावर नगारे झडले. भिवराबाईने खंड्याला चक्क वाकून नमस्कार केला. पण राजा काठाकडे वळेना. पाले समुद्राच्या वाटेला लागले होते आणि एक थकलेली मादी त्याच्या मांडीला घासून थबकली होती.

"महाराज, चलावे," राणी म्हणाली.

राजा वाकला. त्याने पाण्याखालून त्या मादीच्या पोटाची दातेरी कड चाचपली, मग झिजलेली शेपटी.

"पाला," तो म्हणाला, आणि ती पुढे निघेपर्यंत त्याने तिला वाहत्या पाण्यात दोन्ही हातांनी आधार दिला.

राजाराणीला नदी पावली, तशी ऐकणाऱ्यांना त्यांच्या गावचीही पावो.