अनशीच्या नाकासमोरची गोटी

ऐका रे पोरांनो, आणि ऐका तुम्ही म्हाताऱ्याही. रेवड्या नंतर चघळा, नाहीतर गोष्ट दातात अडकून बसेल.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे इथल्या आज्यांना स्वतःचा शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हा, आपल्या चिलारवाडीचे निवृत्ती काशिद शहरात विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्रोफेसर झाले. पदार्थविज्ञान ऐकून गावच्या आचाऱ्यानं त्यांना रश्श्याचं प्रमाण विचारलं होतं. सरांनी तेही बरोबर सांगितलं, असं म्हणतात.

शिकवायचे कसे? त्यांच्या तासाला भिंतीवरची पालसुद्धा खाली उतरून पहिल्या बाकावर बसायची. बाकीची पोरं दारात, खिडकीत, एकजण तर पंख्याला लोंबकळायचा, असं म्हणतात. पुढं विद्यापीठानं त्यांना मोठी खुर्ची देऊ केली. सर म्हणाले, "खुर्ची राहू द्या, भैरोबाच्या जत्रेला रजा तेवढी द्या."

कारण जत्रेत सरांची राहुटी असायची. एका बाजूला कासारीण, दुसऱ्या बाजूला कुस्त्यांचा फड, मध्ये सर. पाण्याच्या पेल्यावर कागद ठेवून तो पालथा धरायचे, पाणी पडायचं नाही. पोरं पाळणे सोडून तिथं गोळा व्हायची. पाळणेवाला दर वर्षी भैरोबाला गाऱ्हाणं घालायचा, "देवा, त्या मास्तरला एखादा ताप तरी आण!"

त्या पोरांत एक होती अनशी. बापू सरगर पैलवानाची लेक. मॅट्रिक झालेली, आणि आता सरांच्या विद्यापीठात जाऊन शिकायचं म्हणून अडून बसलेली. बापू काही सोडायला तयार नव्हता. तालुक्यातले सगळे पैलवान त्यानं चीत केलेले, पण लेकीचा विषय निघाला की उठून गोठ्यात जायचा आणि म्हशीशी बोलायचा.

त्या वर्षी सरांनी तालमीतली गोटी मागितली. गोटी म्हणजे जत्रेत पैलवान उचलतात तो वाटोळा दगड. मोटेच्या नाड्यानं, म्हणजे जाड दोरानं, ती देवळापुढच्या चिंचेला टांगली. सर पाठ खोडाला टेकून उभे राहिले, गोटी ओढून नाकाला लावली आणि नुसती सोडली. गोटी गेली झुंईऽऽ करत समोर, आणि आली परत. बायांनी डोळे मिटले. गोटी नाकाशी येऊन थांबली आणि माघारी वळली. सरांचा चष्मासुद्धा हलला नाही.

"जेवढं दिलं तेवढंच घेऊन येते," सर म्हणाले. "वर एक तीळ नाही."

"काहीतरी मंतर फुंकलाय त्यांनी!" बापू ओरडला. "दुसरं कुणी उभं राहू द्या. नाक शाबूत राहिलं, तर पोरगी धाडतो शहरात. फुटलं, तर विषय संपला."

"मी राहते की, आबा," अनशी म्हणाली, आणि खोडाला टेकलीसुद्धा.

झालं ना! आता बोललेलं गिळता येईना. "मग सोडणार मीच," बापू म्हणाला. त्यानं गोटी लेकीच्या नाकाला लावली. सर बजावत होते, "नुसती सोडायची हां, बापूराव."

पण आपलं गाव कसंय? देवळातला भैरोबाचा पाळणा हातात आला की कुणी नुसता सोडतं का? झोका दिल्याशिवाय आपला हात मागं येत नाही. बापू म्हणाला, "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" आणि सवयीनं हातानं दिला झोका.

गोटी गेली, आणि आली ती वाघासारखी. अनशी मटकन खाली बसली. गोटी तिच्या डोक्यावरून गेली, खोडावर आदळली आणि ढलपी उडाली. त्या हादऱ्यानं सगळ्या चिंचा खाली पडल्या, आणि गावानं दोन वर्षं विकतची चिंच आणली नाही, असं म्हणतात.

"बघितलंत?" बापू ओरडला. "मेली असती माझी पोर! हे तुमचं शिक्षण?"

  अनशी उठली, परकर झटकला.

"आबा, तुम्ही ढकललीत."

"मी? मी कुठं?"

"तुमचा खांदा हलला तेव्हाच मला कळलं. जास्त दिलंत, म्हणून जास्त घेऊन आली. म्हणून तर बसले मी." आणि परत खोडाला टेकली. "आता नीट सोडा."

कासारीण म्हणाली, "दिलास रं बापू झोका! आम्ही बघितला." जत्रा हसायला लागली.

बापूनं पुन्हा गोटी धरली. आणि आता हात सुटेना. डोंगर उचलणारा गडी, पण बोटं उघडायला तयार नाहीत. घाम टपटपतोय, गोटी धरून उभा. समोर लेक, तीही डोळ्याला डोळा देऊन उभी. पाळणेवाल्यानं तेवढ्यात चहा पिऊन घेतला.

मग सर आले. त्यांनी अनशीच्या नाकाशी धरलेल्या गोटीला सुतळी लावून ती मागं खोडाला ताणून बांधली, बापूच्या हातात पेटती उदबत्ती दिली आणि हळूच म्हणाले, "बापूराव, आता ढकलायला नको आणि धरायलाही नको. फक्त सुतळी जाळा."

बापूनं उदबत्ती लावली. सुतळी करपली, तुटली. गोटी संथ गेली, संथ आली, आणि अनशीच्या नाकाशी थांबली. तिथं ती क्षणभर जास्तच थांबली, भैरोबालाही पोरीचं तोंड नीट बघायचं होतं, असं म्हणतात.

बापू मटकन बसला आणि रडला. रडत रडत म्हणाला, "धाडतो! पण शहरात पोळीला तूप लावतात का, ते विचारा कुणीतरी!"

अनशी गेली. सरांच्या हाताखाली शिकली आणि पुढं त्यांच्याच फळ्यासमोर उभी राहिली. सर गेले त्याला आता जमाना झाला.

पण आजही जत्रेत काशिदसरांच्या नावानं गोटी टांगतात. त्या वर्षी शिकायला बाहेर निघालेलं पोर खोडाला टेकतं. आणि सुतळी कोण जाळतं? ज्याला त्या पोराला सोडणं सगळ्यात जड जातं, तो. त्यावरून घराघरात भांडणं लागतात, बाप म्हणतो मी, आई म्हणते मी. मागच्या साली घोरपड्यांची म्हातारी सगळ्यांना हरवून पुढं आली आणि सुतळीला उदबत्ती लावायच्या ऐवजी फुंकर मारून विझवत बसली. नातवानं खोडाला टेकल्या टेकल्या हाक मारली, "आज्जे, दिवाळीला येतोय की मी!"

तेव्हा कुठं तिनं सुतळी जाळली, आणि सगळ्या गावानं श्वास रोखून धरला.