रंगरावांची तक्रार

कासारआळीत बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या मंदाबाई दर रविवारी देवळाच्या ओट्यावर नागरिकांची सभा भरवत. पाणीखात्याचे अभियंता आणि सफाईचे मुकादम तिथे येत, लोकांच्या तक्रारी जागच्या जागी मिटत. नगरसेवक रंगराव भोईटे मात्र आतून जळत होते. त्यांच्या कार्यालयात आता कुणी फिरकत नव्हतं.

एका रविवारी ते तरातरा आले आणि ओट्यावरच्या एकुलत्या एका खुर्चीत जाऊन बसले.

"या वॉर्डात सभेचा अध्यक्ष मीच होणार!"

सगळे चपापले. मंदाबाईंनी शांतपणे वही उघडली.

"बसा की, साहेब. पण ही खुर्ची तक्रारदाराची आहे. बोला, काय तक्रार?"

"तक्रार? लोक माझ्याकडे येतच नाहीत! सगळे तुमच्याकडे धावतात!" रंगराव भडकून बोलून गेले.

मंदाबाईंनी ते लिहून घेतलं आणि अभियंत्यांना विचारलं, "हे तुमच्या खात्यात येतं?"

त्यांनी हसू दाबत नकारार्थी मान हलवली. मुकादमांनीही हलवली.

"मग साहेब, हे काम तुमच्याच खात्याचं दिसतंय. कधीपर्यंत करून देता?"

ओटा हास्यात बुडाला. रंगराव खुर्चीतून उठले आणि लोकांमध्ये सतरंजीवर जाऊन बसले.