हळदीचे बोट

पूर्वी दंतपूर नगरात कलिंगांचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व कांबळी विकणाऱ्या एका श्रेष्ठीच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव उत्पल. त्याची कांबळी डोंगरापलीकडच्या खेड्यांत विणली जात आणि मूलक नावाचा सार्थवाह ती बैलांवर लादून नगरात आणी.

त्या खेड्यांत एक रीत होती. कांबळे मागावरून उतरले की विणकरीण त्याच्या कोपऱ्याला हळदीचे बोट लावी. लेक सासरी पाठवावी तसे. गिऱ्हाइके त्या डागावरून कुरकुरत आणि उत्पल हसून सोडून देई.

एका वर्षी राजाने उत्सवासाठी हजार कांबळी मागितली. आठशे आली. उत्पलाने एकेक उलगडून पाहिले. एकावरही हळद नव्हती.

मूलक म्हणाला, "बरे झाले, डागांची कटकट गेली!"

"अरे, लेक निघाली आणि आई कुंकू लावायला विसरली, असे आठशे घरांत होते का?" उत्पल म्हणाला. त्याला जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी तो मूलकाला घेऊन स्वतः डोंगरापलीकडे निघाला.

खेड्यातली घरे बंद होती. गावाबाहेर एक लांब छप्पर होते आणि त्याच्या दाराला बाहेरून अडसर होता. आत माग खडखडत होते. रखवालदाराने दार उघडले, तेव्हा वेणिका नावाची प्रौढ विणकरीण मान वर न करता म्हणाली, "आणखी किती हवीत? बोटे काढून देऊ का आता?"

उत्पल तिच्याजवळ जमिनीवर बसला. "बाई, मी कांबळी विकणारा उत्पल. यंदा हळद का नाही लावलीत?"

तिने त्याच्याकडे पाहिले. "हळद चुलीपाशी असते, श्रेष्ठी. आम्हाला चूल कुठे आहे? दोन महिने झाले, या दाराबाहेर पाऊल नाही. माझी सून बाळंत झाली, ते भिंतीपलीकडून ओरडून कळवले लोकांनी."

उत्पलाने रखवालदाराला विचारले, "यांना कोंडायला कोणी सांगितले?"

"गावच्या मुखियाने. म्हणाला, कसेही करून माल काढ."

मुखियाला बोलावले. तो म्हणाला, "मला मूलकशेठनी सांगितले. कसेही करून, असेच म्हणाले."

मूलकाने खाली पाहिले. "आणि मला, श्रेष्ठी, आपणच. दुकानाच्या पायरीवर उभे राहून. 'मूलका, कसेही करून हजार पुरी कर.'"

उत्पलाला ती पायरी आठवली, ती सकाळ आठवली. शब्द तोंडातून निघाला तेव्हा हलका होता. तोंडोतोंडी डोंगर ओलांडताना त्याचा अडसर झाला होता.

तो उठला. अडसर काढून त्याने मूलकाच्या हाती दिला आणि म्हणाला, "हा मी घातला होता. चुलीत घाल." मग त्याने सर्वांची राहिलेली मजुरी चुकती केली आणि त्यांना घरी जायला सांगितले.

मूलक कळवळला. "श्रेष्ठी, दोनशे कमी आहेत! राजाचा आश्रय जाईल."

"जाऊ दे."

राजा खरोखरच रागावला. "कसेही करून आणायची होतीस!"

उत्पल हात जोडून म्हणाला, "महाराज, त्याच शब्दाने मी माणसे कोंडली. तो शब्द मी पुन्हा उच्चारणार नाही." राजाने त्याला दरबारातून काढून टाकले आणि दुसरा व्यापारी नेमला.

त्यानंतर दरवर्षी उत्पल स्वतः डोंगर चढे, घरोघरी एक घास खाई आणि विचारी, "कांबळे कसे विणलेत?" माल थोडा मिळे, उशिरा मिळे. पहिल्याच खेपेला वेणिका नातवाला कडेवर घेऊन दारात आली. "श्रेष्ठी, आता डागाची कुरकुर नको हं."

"डाग नसेल तर परत पाठवीन," तो म्हणाला.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे स्वतः बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "आपल्या विहाराला चीवरे विणून देणारी वृद्ध उपासिका तेव्हा वेणिका होती. 'कसेही करून चीवरे पुरी कर' असे तिला सांगून आलेला आणि आता खाली मान घालून बसलेला हा भिक्षू मूलक होता. रखवालदार आणि मुखिया आज विहाराजवळच्या गावात गृहस्थ आहेत आणि दाराला कडी लावत नाहीत. उत्पलश्रेष्ठी मीच होतो. त्या जन्मी आपलाच शब्द उलट पावली शोधत जाऊन मी मैत्रीची पारमिता, म्हणजे सर्वांविषयीच्या प्रेमभावाची परिपूर्णता, जोपासली."

त्या भिक्षूने मान वर केली. अंगावरच्या चीवराचा कोपरा त्याने उलटून पाहिला. तिथे हळदीचे बोट होते.